थेट विमान नाही

मार्कोस तेंगानने तोंडापाशी नेलेला पास्तेल तसाच धरून बोलणं थांबवलं, आणि आमच्या घरातलं सहा वर्षांपूर्वी आटोपलेलं मरण पुन्हा सुरू झालं. रविवारचा बाजार होता. साओ पाउलोतल्या व्हिला कारांवच्या त्या रस्त्यावर आईने जन्मभर पास्तेल, म्हणजे चीज भरलेल्या मोठाल्या करंज्या, तळले. आता ठेला भाड्याने दिलाय, पण रविवारी ती प्लास्टिकची खुर्ची टाकून कढईशेजारी बसतेच, दुसऱ्याच्या तेलावर नजर ठेवायला. मार्कोस जपानहून सुट्टीवर आला होता. माझा धाकटा भाऊ एडसन आणि तो हामामात्सूच्या एका कारखान्यात मोटारींचे भाग तपासणाऱ्या एकाच सरकत्या पट्ट्यावर उभे असत. एडसन तिथल्या इस्पितळात वारला तेव्हा त्याच्या अस्थी पांढऱ्या कापडात गुंडाळून साओ पाउलोपर्यंत आणल्या त्या मार्कोसनेच. कलश आईच्या हातात देऊन तो लगेच परत गेला होता, कारण पट्टा कुणासाठी थांबत नाही. आता पहिल्यांदाच निवांत भेटत होता, आणि निवांत भेटलेली माणसं करतात तसं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगत होता.

"मावशी, आजीने शिकवलं होतं तस्संच केलं बघा मी. इस्पितळात त्याच्या खाटेपाशी उभा राहिलो, म्हटलं, चल एडसन, घरी जायचंय. रस्त्यावर आलो, म्हटलं, आता पूल लागतोय. आगगाडीत चढताना सांगितलं. नारिताला सांगितलं, आता विमान आहे, घाबरू नको. नर्सला वाटलं मला धक्का बसलाय."

"बसलाच असेल," आई म्हणाली. "मग?"

"मग काय, मांडीवर घेऊन बसलो. दुबईला उतरतोय तर आमचं विमान उशिरा आणि पुढचं सुटायच्या बेतात. जो पळालो मावशी! सरकता जिना, गाडी, पुन्हा जिना. अहो, दार लावतच होते..."

"दुबईत काय सांगितलंस त्याला?"

इथे पास्तेल थांबला. आतलं चीज त्याच्या मनगटावर ओघळलं तरी त्याला कळलं नाही.

"दुबईत," मार्कोस म्हणाला, "मी पळत होतो, मावशी."

आईने तेलाकडे पाहिलं. ठेलेवाल्याला म्हणाली, "आच कमी कर." आणि मी, वय वर्षं सत्तावन्न, पदवीधर, शालेय पुस्तकांच्या प्रकाशनात मुद्रितं तपासणारी बाई, उसाच्या रसाचा पेला हातात धरून मनातल्या मनात एक नकाशा पाहत होते. नकाशावर एक ठिपका होता, आणि तो चुकीच्या जागी होता.

आमच्या ओकिनावाच्या, जपानच्या दक्षिण बेटांवरून आलेल्या, माणसांत कुणी घराबाहेर मेलं की नुसतं शरीर आणून भागत नाही. जीव जिथे गेला तिथेच तो गोंधळून बसून राहतो. त्याला जाऊन सांगावं लागतं की चल, आणि मग वाटेत प्रत्येक वळणावर, पुलावर, दारात सांगत राहावं लागतं, की आता डावीकडे, आता पाणी ओलांडतोय, आता चढण आहे. जिथे सांगायचं राहिलं तिथे तो राहिला. हे मी काही पुस्तकात वाचलेलं नाही. आई लहानपणी बोटीने आली तेव्हा तिची आजी पूर्वजांच्या नावांच्या लाल पाट्या छातीशी बांधून दोन महिने डेकवर बसली होती, आणि प्रत्येक बंदरात पाट्यांना सांगत होती: हे सिंगापूर, उतरू नका, हे केप टाऊन, हेही आपलं नाही. आई सांगते, सांतोसला बोट लागली तेव्हा आजीचा आवाज बसला होता, म्हणून शेवटचं वाक्य आईला म्हणायला लावलं. सहा वर्षांच्या मुलीने अख्ख्या घराण्याला ब्राझीलमध्ये उतरवून घेतलं. तेव्हापासून तिला माणसं उतरवून घेता येतात असा तिचा समज आहे, आणि मार्कोस तिचा मुलगा अर्ध्यावर विसरून आला होता. कलश आला, अस्थी कब्रस्तानातल्या आमच्या कप्प्यात गेल्या, पाटी लाल कपाटात लागली, रोज भात ठेवला गेला. आणि भात खायला कुणी नव्हतं.

मी तर्कशुद्ध बाई आहे. घरी जाताना आईला म्हटलं, "आई, मार्कोसने नसेल सांगितलं, पण एडसन काही लहान नव्हता. बावीस वर्षं तिकडे राहिला. विमान बदलायचं कळत होतं त्याला."

"जिवंत होता तेव्हा," आई म्हणाली.

  तिच्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टरांनी तारीख दिली होती, आणि आईने ती जवळजवळ मान्य केली होती. आता दाराला किल्ली लावता लावता तिने जाहीर केलं, "ऑपरेशन नाही."

"का?"

"टेबलावर काही झालं म्हणजे? मी जाणार, आणि तो कधीतरी आला तर दार कोण उघडेल? तू दिवसभर कचेरीत."

सोमवारी कचेरीत माझ्यासमोर सातवीच्या भूगोलाचं पान होतं. पानाच्या कोपऱ्यात एक पिवळी चौकट, 'तुम्हाला माहीत आहे का?', आणि चौकटीत आमच्या ग्वारुल्योसपासून जपानच्या नारिता विमानतळापर्यंतचं अंतर आणि प्रवासाला लागणारा वेळ. आकडे तपासायचं काम माझं. मी संकेतस्थळ उघडलं, दोन विमानतळांची नावं टाकली, आणि यंत्राने डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर दिलं: अंतर साडेअठरा हजार किलोमीटर, उड्डाणाचा वेळ तेवीस तास. खाली बारीक अक्षरांत: थेट विमान नाही. म्हणजे जे विमान नाही त्याला किती वेळ लागेल हे त्यांनी काढून ठेवलं होतं. सरळ रेष ओढायची, वेगाने भागायचं, वर थोडी चढउतार धरायची. हे यंत्र गृहीत धरतं की माणूस एका ठिकाणाहून निघतो आणि दुसऱ्या ठिकाणी पोचतो. मधे कुठे बूट काढून पट्ट्यावर ठेवावे लागतात, रांगेत कुणीतरी रडतं, कुणी पळतं, कुणी राहून जातं, याला त्याच्या गणितात जागा नाही. माझा आत्म्यावर विश्वास नाही. पण माझा त्या तेवीस तासांच्या विमानावरही विश्वास नव्हता, आणि ते मात्र मी सातवीच्या हजारो मुलांना सही करून शिकवणार होते.

पूर्वी मला हे अंतर आवडायचं. साओ पाउलोत पायाखाली सरळ भोक पाडत गेलं तर माणूस ओकिनावाच्या बाजूच्या समुद्रात वर येतो. माझे आजोबा-आजी पृथ्वीवर जेवढं लांब जाता येतं तेवढं लांब आले होते. आणखी थोडं पुढे सरकले असते तर परत जाणं सुरू झालं असतं. एडसनने मग तेच केलं. इथे शाळेत त्याला 'ए जपानी' म्हणायचे. तिकडे कारखान्यात त्याला 'तो ब्राझीलवाला' म्हणू लागले. फोनवर म्हणायचा, "ताई, मी जिथे जातो तिथे दुसरीकडचा असतो. मला वाटतं माझं गाव विमानात आहे." आम्ही हसायचो. त्याचा दुसरा विनोद घड्याळाचा. दोन्ही देशांत बरोबर अर्ध्या दिवसाचा फरक, म्हणून काटे तेच. इथे सकाळचे आठ, तिथे रात्रीचे आठ. "आई, आपलं घड्याळ एकच आहे, फक्त दिवा तुझ्याकडे आहे." आईने त्यामुळे दुसरं घड्याळ कधी घेतलं नाही. स्वयंपाकघरातल्या त्या एकाच घड्याळात ती स्वतःची न्याहारी आणि त्याचं जेवण बघायची. त्याच्यामागेही बघत होती, मला माहीत होतं. आठ वाजता तिची नजर वर जायची. पण त्या सोमवारी मी घरी आले तेव्हा ती घड्याळाखाली उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी एडसन गेल्याची बातमी आली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

"दुबईत आत्ता किती वाजलेत?"

"सात तास पुढे. मध्यरात्र उलटून गेली असेल."

"म्हणजे काटे जुळत नाहीत," आई म्हणाली. "सहा वर्षं त्याला कळत नसेल इथे किती वाजलेत."

मी पिशवी टेबलावर ठेवली. मला आठवतं, पिशवीत पपई होती, आणि ती ठेवता ठेवताच ठरलं. मोठे निर्णय घेताना काही आवाज होतो अशी माझी समजूत होती. पपई ठेवल्याचा झाला तेवढाच.

"मी जाते," मी म्हटलं.

"कुठे?"

"दुबईला. आणते त्याला."

आईने पपई उचलून नळाखाली धरली. मग म्हणाली, "पुढे जपानला नको जाऊस. तिथून तो निघालाय. उगाच चुकामूक व्हायची."

आमच्या गल्लीच्या टोकाला शिझुएबाई राहतात. नव्वदी ओलांडली आहे, आणि मेलेल्या माणसांशी कसं वागायचं याबाबत सगळा मोहल्ला त्यांचं ऐकतो. जिवंत माणसांशी त्या स्वतः फार बऱ्या वागत नाहीत. त्यांनी मला चपट्या काळ्या उदबत्तीची पानं दिली, चिमूटभर तांदूळ, मीठ.

"पेटवायची."

"विमानतळावर पेटवता येत नाही, शिझुएबाई. पोलीस पकडतील."

"मग न पेटवता दाखव. तो काय आंधळा आहे? नाव घेऊन हाक मार. मग घरापर्यंत तोंड बंद ठेवायचं नाही. तुला ते जमेल, लहानपणापासून जमतं."

"कुठल्या भाषेत बोलू? त्याला ओकिनावाची भाषा येत नव्हती. दोन शिव्या आणि खाण्याची नावं, एवढंच."

"शिव्या येत होत्या ना? मग झालं तर."

तिकीट काढताना आई माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत बसली होती. जाण्याचं एक. येण्याचं एक. आई म्हणाली, "दोन."

"आई, त्याला जागा लागत नाही."

"पंधरा तास तुझ्या मांडीवर बसवणार आहेस? मेला म्हणून काय झालं, सेहेचाळिसाचा घोडा आहे. खिडकी घे. त्याला खिडकी लागते."

दुसऱ्या प्रवाशाचं नाव: एडसन ओयादोमारी. जन्मतारीख विचारली, मी घातली. कुठल्याही रकान्यात दुसरी तारीख विचारली नव्हती. व्यवहार यशस्वी झाला, असं हिरव्या अक्षरांत आलं. दुसऱ्या दिवशी कचेरीत मी रजा टाकली, कारण लिहिलं 'कौटुंबिक', आणि पिवळ्या चौकटीतल्या 'प्रवासाला लागणारा वेळ' या ओळीवर काट मारून समासात लिहिलं, 'कोण जातंय त्यावर अवलंबून. तपासून कळवते.' संपादकाने मला आत बोलावलं. "सुएली, बरं वाटतंय ना?" म्हणाला. मी म्हटलं, इतकं बरं बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं. त्याने दार लोटून घेतलं. मला वाटतं त्याला ते उत्तर जास्त काळजीचं वाटलं.

जाताना विमानात मी झोपले नाही. समोरच्या छोट्या पडद्यावर एक विमान अटलांटिकवर चिकटून बसलं होतं, आणि खाली उरलेलं अंतर कमी होत होतं. मी विचार करत होते की एवढ्या मोठ्या विमानतळात त्याला शोधायचं कुठे. हे लिहायला सोपं आहे. पण आपल्या माणसाला ओळखतो म्हणजे काय, याची परीक्षा अशा वेळी होते. दुकानांत तो नसणार. दुकानात गेलं की त्याला घाम फुटायचा. प्रार्थनेच्या खोलीत नसणार, तिथे काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं. धूम्रपानाच्या काचेच्या पेटीत सुरुवातीची वर्षं बसला असेल. मग एकदम लक्षात आलं, उत्तर अगदी सरळ होतं. साओ पाउलोचं विमान तिथून रोज सुटतं. रोज एका दारावर आमच्या शहराचं नाव लागतं, रोज आमच्याच बोलीतली, मोठमोठ्याने बोलणारी, पोरांना दटावणारी माणसं रांगेत उभी राहतात. तो त्या दारापाशीच असणार. सहा वर्षं, रोज, रांगेच्या बाजूला, भिंतीला टेकून. मग चढला का नाही?

हे मला माहीत होतं. हे माझ्याइतकं फक्त आईला माहीत होतं. आईच्या आईने आम्हा दोघांना एक गोष्ट पढवली होती: हाक आली की लगेच ओ देऊ नये. भूत एकदाच हाक मारतं, त्याला दुसऱ्यांदा मारता येत नाही. माणूस दोनदा मारतो. म्हणून दुसरी हाक आली की मगच वळायचं. मी हे ऐकलं आणि विसरले, कारण मला नंबर पहिला काढायचा होता. आजीच्या सगळ्या शिकवणीतलं एडसनने मात्र हे एकच उचललं आणि जन्मभर धरून ठेवलं. बाजारात समोरच्या ठेल्यामागे उसाच्या मोळ्यांवर बसलेला असायचा. आई कढईवरून ओरडायची, "एडसन, खायला ये!" हा ढिम्म. डोळे आमच्याकडे, पाय मोळीवर. मग आई दुसऱ्यांदा ओरडायची, "अरे एडसन, गार होतंय!" की उडी मारून येणार. शाळेत हजेरीला त्याची रोज गैरहजेरी लागायची, कारण बाई एकदाच नाव घेत. हामामात्सूच्या त्या पट्ट्यावरही त्याला दोनदा हाक मारावी लागते, असं मार्कोस हसत सांगायचा. मुकादमाला वाटायचं बहिरा आहे. त्या दारावर साओ पाउलोच्या प्रवाशांना रोज हाक होत होती. पण त्याचं नाव घेऊन एकदाही नाही, मग दोनदा कुठून.

तिथे उतरले तेव्हा पाय सुजले होते. विमानतळ असा उजळ होता की दिवस की रात्र हा प्रश्न विचारणं गावंढळपणाचं वाटावं. मी पळाले नाही. मार्कोस जिथून पळाला तिथून मी चालले, आणि प्रत्येक सरकत्या जिन्यापाशी थांबून मुकाट्याने हात पुढे करून तांदळाचे दोन दाणे टाकले. मागून एक माणूस झाडत येत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, दाण्यांकडे पाहिलं, आणि झाडू वळवून दुसऱ्या बाजूला नेला. मी त्या दोन दाण्यांसाठी त्याची आजन्म ऋणी आहे.

सकाळी दारावर साओ पाउलोचं नाव लागलं, आणि आमची माणसं जमली. कुणी वडिलांना, कुणी खजुराच्या खोक्यांना सांभाळत होतं. एक बाई नवऱ्याला म्हणत होती, "पासपोर्ट तुझ्याकडेच आहे, तूच घेतलास, मी बघितलंय, गप्प बस." मी भिंतीकडेला उभी राहिले. पिशवीतून उदबत्तीचं पान काढलं आणि न पेटवता धरलं. मग म्हटलं, "एडसन."

जमलं नाही. म्हणजे आवाज निघाला, पण तो मुद्रितशोधनाचा आवाज होता; समासात पेन्सिलने बारीक लिहावं तसा. शेजारच्या पोराने मान वर करून पाहिलं एवढंच. मी ठरवलं होतं की दुसऱ्यांदा आईसारखं ओरडायचं, कढईवरून ओरडावं तसं. छातीत श्वास भरला. आणि तो तिथेच राहिला. अख्ख्या आयुष्यात मी बाजारात ओरडले नव्हते. अभ्यास करायचा म्हणून ठेल्यावर माझी जागा गल्ल्याकडे होती, ओरडायचं काम आईचं आणि खायचं काम त्याचं. रांग सरकत होती. पहिली हाक झाली होती. आता मी दुसरी मारली नाही तर त्याच्या लेखी मी भूत ठरणार होते. ही गोष्ट मला त्या क्षणी अजिबात विनोदी वाटली नाही.

रांग संपली. दारावरची मुलगी डोंगराळ मिनास प्रांताकडची असावी. शब्दांची शेपटं खाऊन टाकत बोलत होती. तिने माझा पास पाहिला, मग पडद्यावर काहीतरी पाहून थांबली.

"ताई, तुमच्या आरक्षणावर आणखी एक प्रवासी दिसतोय. ओयादोमारी, एडसन. त्यांचं चेक-इन नाही झालेलं."

"तो इथेच आहे," मी म्हटलं. "आधीपासून. मागच्या विमानाने आलेला."

"कोण, नवरा?"

"धाकटा भाऊ."

"कुठे भटकताहेत मग? दार बंद करायची वेळ झाली."

"तो भटकत नाही. तो जवळच आहे. पण त्याला हाक मारल्याशिवाय तो येत नाही. नाव घेऊन." माझ्या हातात काळी उदबत्ती होती. ती तिने पाहिली. माझ्या मागे कुणी नाही हेही पाहिलं. तिला काय समजलं मला माहीत नाही. काही समजलं नसेल, किंवा तिच्याकडच्या डोंगरातही माणसं कुठे कुठे राहून जात असतील. "एक हाक मी मारलीये," मी म्हटलं. "दुसरी तेवढी राहिलीये."

"नियमाने चेक-इन नसलेल्यांना पुकारत नाहीत, ताई," ती म्हणाली, आणि ध्वनिक्षेपक तोंडाशी घेतला.

मग छतातून, भिंतींतून, सरकत्या जिन्यांवरून, धूम्रपानाच्या काचेच्या पेटीतून, मार्कोस जिथून पळाला त्या सगळ्या लांबीवर, मिनासच्या शेपूटतोड्या बोलीत ऐकू आलं: "प्रवासी एडसन ओयादोमारी. प्रवासी एडसन ओयादोमारी. साओ पाउलोला जाणारं विमान सुटतंय. ही शेवटची हाक आहे." माझ्या आईला कढईवरून ओरडून कधी जमलं नसतं इतकं मोठं. मी वळून पाहिलं नाही. शिझुएबाईंनी वळायचं नाही असं काही सांगितलं नव्हतं. माझी मीच वळले नाही. मुलीने ध्वनिक्षेपक खाली ठेवला, दोन सेकंद रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि दरवाजाची दोरी जरा जास्तच बाजूला धरली.

"चल एडसन," मी म्हटलं. आता आवाज निघाला. "इथे उंबरा आहे. इथून विमान. खिडकी तुझी."

दारं लागल्यावर मागच्या रांगेतला एक धिप्पाड गृहस्थ आला. "इथे कुणी आहे का? माझे गुडघे जरा..."

"आहे," मी म्हटलं.

त्याने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मी खिडकीकडच्या खुर्चीचा पट्टा ओढून रिकाम्या जागेवर बांधला. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि गुडघ्यांसकट परत गेला. पंधरा तास मी बोलले. आता वाळवंट, आता लाल समुद्र, आता आफ्रिका, फार मोठी आहे, झोप हवं तर. हवाई सुंदरीने दोनदा विचारलं काही हवंय का. मी दोन कॉफ्या मागितल्या. पहिल्यांदा मी त्याला कारखान्याबद्दल विचारलं, जे फोनवर विचारायला वेळ नसायचा. मग ठेल्याबद्दल सांगितलं, ठेलेवाला तेल बदलत नाही हे, आईच्या झडपेबद्दल सांगितलं. अटलांटिक सुरू झाला तेव्हा माझा आवाज बसू लागला होता, आणि पणजीची ती दोन महिन्यांची गोष्ट पहिल्यांदा मला घशात कळली. शिव्याही दिल्या, दोन होत्या, त्या पुरवून वापरल्या. हे सगळं मी खरं मानत होते का? मला कुणी विचारलं तर मी सांगेन, की मला त्या पडद्यावरच्या अंतरापेक्षा शेजारचा बांधलेला पट्टा जास्त खरा वाटत होता. ग्वारुल्योसला उतरून टॅक्सीत बसले. "आता तिएते नदीवरचा पूल," मी म्हटलं. चालक म्हणाला, "माहितीये, ताई." मी म्हटलं, "तुम्हाला नाही सांगत." त्याने आरशात पाहिलं आणि मुकाट्याने पूल ओलांडला.

दार मी वाजवायच्या आधीच उघडलं. आई उभी होती, कडेला, भिंतीला चिकटून, एका माणसाला लागते त्याच्या दुप्पट जागा सोडून.  तिने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, आणि तिच्या आवाजात कढईमागचा जुना आवाज आला:

"आलास का रे! किती वेळ? चपला बाहेर काढ. आत्ताच पुसलंय."

मी माझे बूट काढले. मग, हे मी काही ठरवून केलं नाही, दारातून आत येताना जरा बाजूला झाले, जाऊ देण्यासाठी. टेबलावर तीन वाट्या भात होता. आई बसली, चॉपस्टिक हातात घेतल्या आणि घड्याळाकडे पाहिलंच नाही.

"सुएली," ती म्हणाली, "जेवण झालं की डॉक्टरला फोन लाव. सांग, कधीही चालेल. घरात माणूस आहे."